सुत्ताले, कुपवाड आणि पंगतीतला भात

श्रवणबेळगोळला गेलेला माणूस बाहुबलींच्या चेहऱ्याकडे बघत राहतो, आणि ते बरोबरच आहे. पायांपर्यंत नजर गेली तरी डोकं टेकवण्यापुरती. पाठीमागून गर्दी ढकलत असते. पण त्या पायांच्या दोन्ही बाजूंना दगडात जी अक्षरं कोरली आहेत, तिथं घटकाभर थांबावं असं मला दर वेळी वाटतं. एकच गोष्ट तिथं तीन भाषांत सांगितली आहे. ही मूर्ती चामुंडरायानं करवली, एवढीच ती गोष्ट. ती कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीतही आहे.

चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीची, सत्तावन-अठ्ठावन्न फूट उंच. हा माणूस स्वतः कन्नडमधला मोठा लेखक. त्याचं ‘चावुंडराय पुराण’ ९७८ सालचं आहे आणि कन्नड गद्याच्या इतिहासात त्याचा मान मोठा आहे. त्याच्या दरबाराची भाषा मराठी नव्हती, त्याच्या राज्याचीही नव्हती. मग मराठीत कशाला कोरायचं? मला दिसतं ते असं, की कोरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येणारी माणसं होती. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरून, त्याच्याही वरून बैलगाड्या जोडून माणसं यात्रेला येणार. ती इथं उभी राहतील आणि विचारतील, हे कुणी केलं? तर त्यांना त्यांच्या बोलीत उत्तर मिळावं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी समोरच्याचा हा विचार करून ठेवला आहे.

आम्हाला शाळेत हा लेख मराठीतला सर्वांत जुना म्हणून शिकवला. पुढे अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं नाव पुढे आलं. तो वाद तज्ज्ञांचा, मी त्यात पडत नाही. माझं लक्ष आहे ते तिथल्या दुसऱ्या ओळीवर. होयसळांचा सेनापती गंगराज यानं बाराव्या शतकात मूर्तीभोवती आवार बांधलं. त्याची नोंद मराठीत आहे, आणि त्या आवाराला शब्द वापरलाय ‘सुत्ताले’. आता सुत्तु म्हणजे कन्नडमध्ये भोवती, सभोवार. म्हणजे नाम कन्नड, आणि पुढं ‘करवियले’ हे क्रियापद मराठी. शुद्ध मराठीचे जे कैवारी आहेत त्यांना हे जरा जड जाईल, पण मराठीची इतकी जुनी ओळ सापडते तीच मुळी शेजारणीकडून वाटीभर साखर आणलेली.

आमच्या दिगंबर परंपरेत समवसरणाचं वर्णन आहे. तीर्थंकरांचा दिव्यध्वनी अठरा महाभाषा आणि सातशे लघुभाषांत परिणत होतो, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पशुपक्ष्यांनासुद्धा, तो आपापल्या भाषेत कळतो. लहानपणी मंदिरात हे ऐकताना मला नवल वाटायचं ते पशुपक्ष्यांचं. आता वाटतं ते त्या सातशेचं. महाभाषा अठरा सांगून थांबता आलं असतं. पण ज्यांनी हे सांगितलं त्यांना माहीत होतं की माणसं महाभाषेत राहत नाहीत. ती लघुभाषेत राहतात, गल्लीच्या, पोटजातीच्या, आईच्या. आणि आपल्यापैकी कुणापाशी दिव्यध्वनी नसल्यामुळं आपल्याला दोन्ही बाजूंनी खपावं लागतं.

हे खपणं कसं चालतं याचा एक अभ्यास आमच्याच मुलखात झाला, आणि आमच्याच लोकांवर झाला, हे मला फार उशिरा कळलं. सांगलीला लागून कुपवाड आहे. आज कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते, आणि १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महानगरपालिका आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी ते तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी त्या गावच्या बोलण्यावर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गात तो आजही शिकवतात. तिकडे गावाचं नाव ‘कुपवार’ असं लिहितात. नायगारा शिकलेल्या आपल्या पोरांना कुपवाड ठाऊक नाही आणि तिकडच्या पोरांना ते पाठ आहे, असा प्रकार.

त्या गावात चार भाषा होत्या. जमीन बाळगणारे जैन घरात कन्नड बोलायचे. लिंगायतही कन्नड. मुसलमान शेतकऱ्यांच्या घरात उर्दू. दोरखंड वळणाऱ्यांच्या घरात तेलुगू. दलितांची घरची भाषा मराठी. शेकडो वर्षं ही माणसं एका पाण्यावर राहिली, आणि कुणीही आपली घरची भाषा सोडली नाही. बाप्ये बहुतेक दोन-तीन भाषा बोलणारे. चावडीवर, शेतावर, बाजारात एकमेकांशी मराठीत बोलायचं असा रिवाज.

आता या दोघांनी काय दाखवलं, तर चार भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण आतला साचा एक होत गेला. वाक्यातला शब्दांचा क्रम, क्रियापद लावण्याची तऱ्हा, प्रश्न करण्याची रीत, हे सगळं इतकं जवळ आलं की एका भाषेतलं वाक्य उचलायचं, शब्दाच्या जागी शब्द ठेवायचा, की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. भांडं एक, आमटी चार प्रकारची. कुणी पंडितानं बसून हे ठरवलं नाही. खळ्यावर, मोटेवर, उधारी मागताना, म्हैस विकताना, रोजच्या बोलण्यानं झालं. समोरच्याला समजावं म्हणून माणूस आपलं वाक्य थोडं त्याच्याकडे झुकवतो. तोही झुकवतो. दहा पिढ्या हे चाललं की व्याकरण झुकतं.

मला हे वाचताना परकं काही वाटलं नाही, कारण आमच्या बेळगावात हे कानावर येतं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर बेळगावचं. लग्नानंतर पहिल्यांदा गल्लीतल्या पोरांचं ‘काय करूलालास?’, ‘जेवूलालो’ ऐकलं. पुण्याकडचे पाहुणे याला हसतात. त्यांना ते मोडकं मराठी वाटतं. पण करूलालास म्हणजे ‘करू लागलास’. धारवाडकडच्या कन्नडमध्ये हेच ‘माडाकत्ती’ होतं. माडलिक्के हत्ती, म्हणजे करायला लागलास. दोन्हीकडे काम चालू आहे हे सांगायला ‘लागणं’च वापरलंय. कुणी कुणाचं घेतलं ते विद्वानांनी ठरवावं. मला ती दोन्ही वाक्यं एकाच सुताराच्या हातची वाटतात.

तसंच निरोपाचं. आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणायचं, फार तर ‘जाऊन येते’. कन्नडमध्येही ‘होगि बर्तीनि’, जाऊन येते. आणि हो, आमच्याकडच्या बायका ‘येतो’च म्हणतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सगळीकडे जुन्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं पुरुषासारखं बोलतात. माझी आजी जन्मभर ‘मी जेवलो’ म्हणाली. याला खेडवळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगते की कन्नडमध्ये ‘मी’ बरोबर येणाऱ्या क्रियापदाला बाईचं आणि बाप्याचं असं वेगळं रूपच नाही. शेजाऱ्याच्या घरात भिंत नाही म्हटल्यावर आपल्याही घरातली भिंत कधी पडली हे कळत नाही.

त्या निबंधावर माझं थोडं वेगळं मत आहे, ते इथं मांडते. मराठी सगळ्यांत चालली कारण ती कुठल्याही मोठ्या गटाची घरची भाषा नव्हती, म्हणून ती तटस्थ, असं ते म्हणतात. जमीनदार जैनांनी सगळ्यांशी कन्नड बोलायची ठरवली असती तर तो तोरा झाला असता. मराठीत सगळे समपातळीवर येतात. हे खरं आहे, पण ते बांधावरून पाहिलेलं खरं आहे. आमच्या आजोळी खळ्यावर मालक माणसं आपसात काही ठरवायचं असलं की कन्नडमध्ये बोलायची. मजुरी किती द्यायची, धान्य किती मोजायचं, ते कन्नडमध्ये. कामाला आलेल्या गड्यांची घरचीच भाषा मराठी. त्यांना दार लावून घ्यायला दुसरी भाषा नव्हती. बाकी सगळ्यांना आत-बाहेर करता येत होतं, यांचं सगळंच अंगणात. त्यातले कितीतरी गडी कन्नड समजायचे, हे आमच्या मामांना ठाऊक नसेल असं नाही. पण समजलंय असं दाखवायचं नाही, हाही त्यांच्या वागण्याचा भाग होता. समजणं आणि समजल्याचं दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुबळ्या माणसाला हा फरक फार लवकर शिकावा लागतो.

दुसरी गोष्ट बायकांची. घर म्हणजे आतली भाषा, चावडी म्हणजे बाहेरची भाषा, अशी वाटणी पुरुषाला लागू पडते. सून घरात येते तीच बाहेरची भाषा घेऊन. आमच्या समाजात कन्नड बोलणाऱ्या गावाची मुलगी मराठी घरात आणि मराठीची कन्नड घरात, हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली ती या दोन्ही मुलखांतल्या लोकांना धरूनच, आणि तिच्या अधिवेशनांनी सोयरिकी आणखी लांबवर पोचवल्या. त्या सोयरिकींतल्या सुनांनी स्वयंपाकघरात जे भाषेचं काम केलं ते कुठल्या अहवालात नाही.

माझ्या एका चुलतजावेचं माहेर साताऱ्याकडचं, कन्नडचा गंध नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या सासूबाईंनी तिला विचारलं, ‘हाल ऐतेनु?’ दूध आहे का, एवढंच विचारलं होतं. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. हिनं मराठी ‘हाल’ ऐकले आणि पदर सावरून म्हणाली, ‘नाही हो आत्ती, हाल कसले, सगळं छान आहे.’ सासूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी काही न बोलता दुधाचं पातेलं उचलून दाखवलं. त्या दिवसापासून दोघींचा एक रिवाज पडला, कन्नड शब्द बोलायचा आणि वस्तूला हात लावायचा. उप्पु म्हणताना मिठाची बरणी, हुळी म्हणताना आमटीचं पातेलं. तुप्पा म्हणायची वेळ आली तेव्हा हीच हसून म्हणाली, ‘हे येतंय मला.’ वर्षभरात ती कन्नड बोलू लागली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की सासूबाईही तिच्याशी बोलताना सावकाश आणि सुटं सुटं बोलायला लागल्या, आणि ती सवय त्यांना पुढं सगळ्यांशीच राहिली.

निबंध आल्यावर चाळीसेक वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या बोलण्याचा पुन्हा अभ्यास केला. तोवर चित्र बदललं होतं. मराठीचं पारडं जड झालं होतं. राज्य मराठी, शाळा मराठी, नोकरी मराठी, मग दुसरं काय होणार? भाषावार प्रांतरचना १९५६ साली झाली. १९६० साली महाराष्ट्र झाला. सीमेच्या त्या बाजूला मराठीनं घरातली कन्नड हळूहळू बाजूला सारली, आणि आमच्या बाजूला कन्नडची पाटी वर चढली. १९६६ साली महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हा सगळा इतिहास आमच्या घरांत तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक घरात कुणीतरी लाठी खाल्लेली आहे किंवा दुकानाचे दरवाजे खाली ओढलेले आहेत. मराठी शाळेच्या पटावरची संख्या घटते तेव्हा मलाही टोचतं. माझ्या भाषेत मला सरकारी कागद मिळावा ही मागणी चुकीची आहे असं मी कधीही म्हणणार नाही.

पण एका कचेरीतला प्रसंग सांगते. कुठली ते सांगत नाही. खिडकीपाशी एक म्हातारा शेतकरी होता, खानापूरकडचा असावा. तो मराठीत विचारत होता, आतला कारकून कन्नडमध्ये उत्तरं देत होता, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. म्हातारा मध्येच ‘हौद री’ म्हणायचा, कारकून मध्येच ‘सही इथं’ म्हणायचा. अर्ज निम्मा भरून झाला होता. तेवढ्यात रांगेतला एक तरुण, चांगला शिकलेला, पुढं सरसावून म्हणाला, ‘आजोबा, त्याला मराठीत बोलायला सांगा.’ आतून दुसरा आवाज आला, ‘इल्लि कन्नडा माताडबेकु.’ इथं कन्नडच बोलायचं. पुढची दहा मिनिटं नुसता आरडाओरडा. म्हातारा अर्ज हातात धरून आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. आता कुठल्या भाषेत बोलावं हे त्याला कळेना. तो अर्ज त्या दिवशी तसाच राहिला.

एवढं झाल्यावर वाटेल की भाषा एक असली म्हणजे प्रश्न मिटला. तसं नाही, आणि ते ज्यानं सगळ्यांत चांगलं दाखवलं तो कुपवाडवाला गंपर्झच. हा माणूस १९२२ साली जर्मनीत एका ज्यू घरात जन्मला. नाझींच्या काळात देश सोडून अमेरिकेला गेला. आधी रसायनशास्त्र शिकला, मग भाषेकडे वळला. मिशिगनमध्ये जाऊन राहिलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर त्याचा पहिला अभ्यास, मग उत्तर प्रदेशातलं एक खेडं, मग आमचं कुपवाड. २०१३ साली तो वारला. ज्याला स्वतःची भाषा घेऊन पळावं लागलं, त्यानं जन्मभर माणसं एकमेकांना कशी समजतात तेच शोधलं, यात मला काही योगायोग दिसत नाही.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कामगारांचं भोजनगृह होतं. तिथं भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला नव्यानं ठेवल्या होत्या. तक्रार आली, की या बायका उद्धट आहेत, तुसड्या आहेत. बोलणं म्हणाल तर दिवसभरात चार शब्द. ताट घेऊन कामगार समोर आला की रस्सा हवा का ते विचारायचं, एवढंच. गोऱ्या बायका ‘ग्रेव्ही?’ असं शेवट वर नेऊन विचारायच्या. आपल्या बायका ‘ग्रेव्ही’ असं शेवट खाली आणून म्हणायच्या. शब्द तोच, इंग्रजी तीच. पण समोरच्याला ते ‘हा रस्सा आहे, घ्यायचा तर घे’ असं ऐकू यायचं. गंपर्झ आणि त्याच्या सोबत्यांनी हे बोलणं ध्वनिमुद्रित करून दोन्ही बाजूंना ऐकवलं. आपल्या बायकांना आधी फरकच कळेना. त्या म्हणाल्या, आम्हीही तेच म्हणतो की. उलट इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण परक्या म्हणून हे लोक आपल्याशी तिरसट वागतात. सूर दाखवून दिल्यावर दोन्हीकडचं ओझं बरंच उतरलं. १९७९ साली बीबीसीनं अशा प्रसंगांवर ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रमही केला.

गंपर्झनं याचं शास्त्र सांगितलं, की शब्दांबरोबर आपण सूर, थांबणं, वेग असे इशारे देत असतो, आणि ऐकणारा त्यावरून अंदाज बांधतो. इशारा चुकला तर कुणी ‘इशारा चुकला’ म्हणत नाही, ‘माणूस वाईट’ म्हणतं. ते मला पटलंच. पण त्या बायका खाली सूर का लावत होत्या, याचं माझं घरगुती उत्तर वेगळं आहे. आपल्या पंगतीत वाढणारा प्रश्न विचारतो का? तो ‘भात, भात’, ‘वरण, वरण’ असं सपाट सुरात म्हणत पुढं सरकतो. ती सूचना असते. हवं असेल त्यानं पान पुढं करायचं, नको असेल त्यानं हात आडवा धरायचा. मंदिरातल्या जेवणात मी किती वर्षं वाढलंय, ‘तूप?’ असं वर सूर नेऊन विचारलं तर उलट बसलेल्याला वाटतं, ही हात आखडून वाढतेय. आपल्याकडे ‘हवं का?’ हा कंजूषपणा आहे. पंगतीत असं विचारत नाहीत, वाढतात, आणि पाहुणा ‘पुरे पुरे’ म्हणेपर्यंत वाढतात. त्या बायका तिथं काउंटरमागे उभ्या होत्या खऱ्या, पण त्या पंगतच वाढत असाव्यात. अगत्य करत होत्या, आणि त्यांच्यावर उद्धटपणाचा शिक्का बसला.

म्हणूनच बदली होऊन इथं आलेल्या बायका मला ‘तुमच्याकडे सगळे भांडल्यासारखे का बोलतात?’ असं विचारतात तेव्हा मी त्यांना ‘की’ शिकवते. ‘ये की’, ‘बस की’, ‘खा की’. पुण्याकडच्या कानाला हा ‘की’ हुकूम वाटतो. इथं तो आग्रह आहे, आणि कन्नडमधला ‘री’ जसा मान घेऊन येतो तसा हा आपलेपणा घेऊन येतो. ‘बस’ म्हणणारी तुम्हाला खुर्ची दाखवते. ‘बस की’ म्हणणारी चहा ठेवायला उठलेली असते.

आमच्या समाजाच्या जेवणांत आता केटरिंग असतं. वाढायला येणारी पोरं लांबची, कुणी बिहारकडची, कुणी ओडिशाकडची, हिंदीत बोलणारी. गेल्या पर्युषणानंतरच्या जेवणाला एक पोरगा आमच्या ओळीत भाताचं भांडं घेऊन आला आणि ‘चावल?’ म्हणून अगदी विमानतळावरच्या गोऱ्या बाईसारखा वर सूर नेऊन विचारत निघाला. आमच्या ओळीतल्या आज्ज्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हात आडवा धरला नाही, कुणी पान पुढं केलं नाही. उत्तर येईना म्हणून तो पुढं सरकला. तिसऱ्या पानावर बसलेल्या आजीनं त्याच्या भांड्याचा काठ धरून त्याला थांबवलं, स्वतःच डाव घेऊन भात वाढून घेतला आणि दोन बोटं वर करून म्हणाली, ‘साकु.’ दुसऱ्या फेरीला तो पोरगा आला तेव्हा ‘चावल, चावल’ असं सपाट सुरात म्हणत होता, आणि तिच्यापाशी आल्यावर थबकून विचारत होता, ‘साकु?’

‘बेडप्पा, वाढ की थोडा,’ ती म्हणाली.